मसल्स वाढवले की ग्राउंड सुधारतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी साडेपाचला सोलापुरात नेहरूनगरच्या मैदानावर जी पोरं पळताना दिसतात तीच संध्याकाळी जिममध्ये डंबेल उचलत असतात, आणि मधल्या वेळात मला मेसेज करतात, सर वजन वाढवू का कमी करू. पोलीस भरतीवाले (त्यांची मैदानी परीक्षा म्हणजेच ग्राउंड), कबड्डीवाले, तालमीतली पोरं, क्रिकेटवाले, सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच असतो. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. नीट वाचा, कारण यात पोरांची वर्षं वाया जाताना मी बघितलीयत.

सर, एका वाक्यात सांगा, मसल्स वाढले की परफॉर्मन्स वाढतो का?

जिथं दुसरी वस्तू किंवा दुसरा माणूस हलवायचा असतो तिथं बहुतेक वेळा वाढतो, आणि जिथं आपलंच अंग लांबवर न्यायचं असतं तिथं एका हद्दीपर्यंत वाढतो आणि मग घसरायला लागतो. वारीला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी खांद्यावरची पिशवी जेवढी असते तेवढी वाखरीला पोचेपर्यंत राहत नाही, ज्याचा उपयोग नाही ते तो वाटेत कुणाला तरी देऊन टाकतो. मसल्सचंही तसंच आहे, तुम्ही कमावलेला प्रत्येक किलो तुम्हालाच उचलून न्यायचाय, तो किलो काम करतो की नुसता बसून येतो एवढंच बघायचं.

पण मसल्स म्हणजेच ताकद ना?

नाही, आणि इथंच निम्मी पोरं फसतात. नवीन माणूस जिम लावतो, दीड-दोन महिन्यांत त्याचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) ४० किलोवरून ६० वर जातो, पण आरशात मांडी होती तेवढीच. कारण सुरुवातीची बरीचशी ताकद मेंदू आणि नसांकडून येते, जे स्नायू आधीच अंगात आहेत ते एकदम आणि जोरात कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायू खरोखर जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. म्हणजे वजन न वाढवताही ताकद वाढते, हे डोक्यात पक्कं बसवा, पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

दुसरी गोष्ट थोडी गणिताची आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, पण वजन सगळ्या आकारमानानं वाढतं. त्यामुळं माणूस जेवढा मोठा होतो तेवढी त्याची एकूण ताकद वाढते पण किलोमागची ताकद कमी होत जाते. वेटलिफ्टिंगमध्ये हे स्वच्छ दिसतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नाइम सुलेमानोग्लूनं ६० किलो गटात १९० किलो क्लीन अँड जर्क केलं (आधी खांद्यावर, मग डोक्यावर), म्हणजे स्वतःच्या तिप्पटीपेक्षा जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं २०२१ मध्ये २६७ किलो उचलले, आजवर कुणी तेवढे उचलले नव्हते, पण त्याचं स्वतःचं वजन १७० च्या वर, म्हणजे दीडपटीच्या आसपास. बारवर लाशा मोठा, पण दोरीवर चढायचं म्हटलं, पळायचं म्हटलं, उडी मारायची म्हटलं की किलोमागची ताकद मोजली जाते.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरला मसल्सनं फायदा होतो का तोटा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळं याला जरा वेळ देतो.

मुलांच्या ग्राउंडमध्ये १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, एकूण ५०. १६०० ला पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. (दरवेळी जाहिरात नीट वाचा, नियम बदलू शकतात.) आता यातली खरी भानगड अशी आहे की या तीन परीक्षा शरीराकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात. गोळ्याला अंगात वजन असलेलं चालतं, १०० ला स्फोटक ताकद लागते, आणि १६०० ला हृदय-फुफ्फुस आणि हलकं अंग. एकात भर घातली की दुसऱ्यातून थोडं जातं, आणि ज्याच्यात सगळ्यात जास्त मार्क आहेत त्याच्यातूनच जातं.

माझं स्वतःचं सांगतो. मी तयारी करत होतो तेव्हा ६१ किलोचा होतो, १६०० ला ५:१८ लागायचे. जिममधल्या एकानं सांगितलं की अंगात काही नाही तुझ्या, बल्किंग कर, म्हणजे भरपूर खाऊन वजन वाढव, वर्दी शोभली पाहिजे. मी सात महिने मन लावून खाल्लं, मन लावून उचललं, ६९ वर गेलो. छाती, दंड, खांदे सगळं भरलं. गोळा पाऊण मीटरनं लांब गेला, खरंच गेला. आणि १६०० ला ५:४३. रोज पळत होतो, तरीही. तिसऱ्या राउंडला असा दम तुटायचा की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि मला वाटायचं आपण मेहनत कमी करतोय म्हणून मी अजून पळायचो, मग नडगी धरली, मग पळणंच बंद. त्या वर्षीचं ग्राउंड माझं तसंच गेलं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. लांब पळताना इंजिन म्हणजे मिनिटाला किती ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचतो ते, आणि तो पोचवायचं काम हृदय आणि रक्ताचं. समजा ६१ किलोच्या पोराचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त ३.६६ लिटर ऑक्सिजन वापरतं, म्हणजे किलोमागं ६० मिलिलिटर. आता तो ६९ चा झाला आणि हृदय तेवढंच राहिलं, तर किलोमागं ५३. दंड वाढवल्यानं हृदय काय मोठं होत नाही. म्हणजे गाडीत चार पोती जास्त टाकली आणि इंजिन तेच. पळायला ढोबळमानानं किलोमागं, किलोमीटरमागं १ कॅलरी लागते, वजन वाढलं की तो खर्च प्रत्येक मीटरला वाढतो.

त्यातही वजन कुठं वाढलं याला महत्त्व आहे. पाय पुढंमागं फिरतो, त्यामुळं पोटरीत किंवा पायाच्या खालच्या भागात वाढलेलं वजन कमरेजवळच्या वजनापेक्षा जास्त महागात पडतं. बुटाचंही तसंच आहे, म्हणून जाडजूड बूट घालून टाइम लावू नका. आणि छाती-दंड-खांद्याचं वजन १६०० ला बहुतांशी प्रवासी, त्याला तिकीट नाही.

मग १६०० वाल्यानं जिमला जायचंच नाही का?

जायचं, शंभर टक्के जायचं. वर सांगितलं ना, वजन न वाढवता ताकद वाढते. पळणाऱ्यांनी जड वजनाचं स्ट्रेंथ ट्रेनिंग आणि उड्यांचे व्यायाम केले की तोच वेग कमी ऑक्सिजनमध्ये निघतो, काही टक्क्यांचाच फरक असतो, पण ५:१८ आणि ५:१० मध्ये तरी दुसरं काय असतं. आठवड्यातून दोन दिवस, स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंजेस, काफ रेज, ३ ते ५ रेप्सचे (एका दमात उचलायच्या खेपा) थोडे सेट, सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं आराम, आणि अंग मोडेपर्यंत करायचं नाही. स्नायू फुगलेले दिसावेत म्हणून १५-१५ चे पाच-पाच सेट मारणं हे बॉडीबिल्डिंग झालं, ते वेगळं काम आहे. ज्यांच्या घरी बार-प्लेट नाही त्यांनी एका पायावरच्या बैठका, पायऱ्यांवर उड्या, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन चढ, एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि जो मुळातच ४८-५० किलोचा आहे, उंची १७० आहे, त्याला तीन-चार किलो वाढले तर १६०० सुद्धा सुधारू शकतो, कारण त्याच्या पायात ढकलायलाच काही नसतं. सगळ्यांना एकच औषध नाही.

१०० मीटरला तर बॉडी पाहिजेच ना? बोल्ट बघा की.

बोल्ट ६ फूट ५ इंच उंच होता, त्याला ते ९०-९५ किलो शोभत होते. धावपटूच्या १०० मीटरमध्ये पूर्ण वेगात पाय जमिनीला फक्त सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा टेकतो. स्नायूला पूर्ण जोर लावायला त्याच्या तिप्पट वेळ तरी लागतो. म्हणजे तुमच्याकडं एकूण ताकद किती आहे यापेक्षा तेवढ्या पाव-चुटकीत किती बाहेर काढता ते महत्त्वाचं. सुटताना, पहिल्या २०-३० मीटरला, मांडी-नितंबाची ताकद खूप कामाला येते, तिथं थोडे स्नायू वाढलेले चालतात. त्यातही मांडीची मागची बाजू आणि नितंब. पण पोरं काय करतात, बेंच प्रेस, म्हणजे बाकावर झोपून छातीवरून बार ढकलणं. बेंच प्रेसनं कोण १०० मीटर पळत नाही.

गोळाफेकला?

इथं वाढवा. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा, तो तुमच्या वजनाप्रमाणे हलका होत नाही, त्यामुळं मागचं अंग जेवढं जड आणि ताकदवान तेवढं बरं. फक्त हे लक्षात ठेवा की गोळा पायातून निघतो, कंबर फिरते, मग छाती, शेवटी हात आणि मनगट. नुसता खांद्यानं ढकलणारा ७५ किलोचा पोरगा आणि टेक्निक बसलेला ६२ चा, यात दुसरा पुढं टाकतो हे मी दर आठवड्याला बघतो. आधी टेक्निकचे मार्क घ्या, ते फुकट आहेत, त्याचं वजन १६०० ला वाहून न्यावं लागत नाही.

एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दल) ५ किलोमीटर असतात, आर्मीला पुलअप्स असतात, तिथं काय?

सोरेगावच्या एसआरपीएफ गटात जायचं स्वप्न असेल तर ५ किलोमीटरला वजनाचा तोटा १६०० पेक्षा जास्त जाणवतो, सरळ आहे. पुलअप्सला उलटा घोळ होतो, पाठ-दंडाचे स्नायू हवेत पण पोटाची चरबी आणि जाड मांड्या दोन्ही वर ओढून न्याव्या लागतात. आर्मीच्या अग्निवीर भरतीला १० पुलअप्सचे ४० मार्क आहेत, ते बहुतेक हलकी, काटक पोरं मारतात. शेतात काम केलेली पोरं यात भारी असतात, त्यांना पकड आधीच मिळालेली असते.

कबड्डी खेळतो, वजन ६८ आहे. ८० वर जाऊ का?

पुरुषांच्या सीनिअर गटाला ८५ किलोची हद्द आहे, महिलांना ७५ ची, त्यामुळं सगळ्यांना वाटतं हद्दीच्या जवळ जेवढं जाऊ तेवढं चांगलं. कुठं खेळता ते सांगा आधी. बचावात कॉर्नरला किंवा कव्हरला असाल, मांडी धरून रेडरला (चढाई करणाऱ्याला) जागेवर बसवायचं असेल, तर वजनाचा फायदा आहे, कारण टक्कर झाली की जड माणूस कमी हलतो. रेडर असाल तर दिशा बदलणं, खाली वाकून सुटणं, बोनसला पाय टाकून झटक्यात मागं येणं, हे सगळं स्वतःचं वजन थांबवून पुन्हा उलट्या बाजूला ढकलणं आहे. तिथं १२ किलो एकदम वाढवलेत तर घोटा आणि गुडघा आधी बोलतील. वर्षाला ३-४ किलो, तेही पायांत आणि कमरेत, आणि दर महिन्याला बघायचं की मॅटवरचा पहिला पाय आधीइतकाच चपळ आहे का.

खो-खोवाल्यांनी तर वजनाच्या नादी फार लागूच नका. बसल्या जागेवरून उठून पहिल्या तीन पावलांत वेग घ्यायचा, खांबाला वळसा घालायचा, सूर मारायचा, यात किलोमागची ताकदच चालते.

तालमीत वस्ताद म्हणतात खुराक वाढव, अंग भर. ते चूक आहे का?

अजिबात नाही. जत्रेच्या मैदानात जोड डोळ्यानं लावतात, तिथं अंगानं भरलेला मल्ल पुढच्याला नुसता मानेवर भार टाकून दमवतो. महाराष्ट्र केसरीचा मुख्य गट ८६ ते १२५ किलोचा, तिथं ८७ किलोचा माणूस १२० च्या माणसासमोर उभा राहू शकतो, मग वजन हे हत्यारच झालं. आपल्या मोहोळ, माळशिरस, पंढरपूर भागातली पोरं त्याच मैदानाचं स्वप्न बघून जोर-बैठका मारतात आणि त्यांच्यासाठी खुराक बरोबर आहे.

पण वजनी गटात खेळणार असाल तर हिशोब वेगळा. ६५ च्या गटातला पोरगा मसल्स वाढवून ६९ चा झाला तर तो जास्त ताकदवान ६५ वाला होत नाही, तो ७० च्या गटातला कमी ताकदीचा मल्ल होतो, किंवा मग वजनाच्या आदल्या रात्री स्वेटर घालून पळत बसतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोच्या गटात विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. १०० ग्रॅम. ते बघून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्यामुळं गट आधी ठरवा, वस्तादांशी बसून बोला, मग अंग त्या गटाच्या मापानं घडवा. आणि जुन्या बैठका, सपाटे, दोरी, गदा यांना कमी लेखू नका, दमसास आणि ताकद एकत्र बांधणारी ती जुनी आणि पक्की पद्धत आहे.

क्रिकेटला जिमची बॉडी चालते का? खांदे जाम होतात म्हणतात.

खांदे वजनानं जाम होत नाहीत, अर्धवट रेप्सनं होतात. पूर्ण खाली-पूर्ण वर असा व्यायाम केला तर लवचिकता टिकते, उलट वाढते. मोठे फटके मारायला ताकद लागतेच. आपल्या जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे बघा, आधी भालाफेक, गोळाफेक करणारी मुलगी, २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केले आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. ते अंग थ्रोमधून घडलंय, आरशासमोर नाही. फास्ट बोलरनं मात्र एकदम वजन वाढवून लगेच पूर्ण स्पेल टाकू नये, कमरेचं हाड मोडायची भीती असते.

उन्हाळ्यात मोठ्या अंगाच्या पोरांना जास्त त्रास का होतो?

हा प्रश्न पुण्या-नाशिकला कोण विचारणार नाही, सोलापूरला विचारलाच पाहिजे. काम करताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात, जेवढं अंग मोठं तेवढी जास्त उष्णता, आणि ती बाहेर टाकायला कातडी त्या मानानं कमी पडते. म्हणून ४२-४३ च्या दिवसात ५८ किलोचा पोरगा तग धरतो आणि ८० चा लाल होतो. एप्रिल-मेमध्ये वजन वाढवलेलं असेल तर सात वाजायच्या आत ग्राउंड संपवा, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, नवीन असाल तर उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस द्या. चक्कर, मळमळ, घाम एकदम बंद, बरळणं, यातलं काही दिसलं तर पोराला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि दवाखान्यात न्या, "सवय होईल" म्हणून पळवू नका.

प्रोटीन किती? घरी अंडं चालत नाही.

स्नायू वाढवायचे तर किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९५-१०० ग्रॅम. घरच्या जेवणात बसतं, हिशोब करून दाखवतो. चार ज्वारीच्या भाकरी, २०० ग्रॅम पीठ धरा, २० ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीन वडी, २५. अर्धा लिटर दूध, १६. वाटीभर कोरडी तूरडाळ, म्हणजे ६० ग्रॅम, १३. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, १२. मोठी वाटी दही, ७. झाले ९३. हुलगा पण २० टक्क्यांच्या वर प्रोटीनचा आहे, शेंगोळ्या खा, माडगं प्या, आपल्या आज्या काय येड्या नव्हत्या. शेंगाचटणी चांगलीच आहे, पण तिच्यात तेल आणि कॅलरी भरपूर, तिला प्रोटीन पावडर समजून अर्धी वाटी चटणी खाणारे पण आहेत, तसं नको.

वजन वाढवायचं असेल तर गरजेपेक्षा रोज २००-३०० कॅलरी जास्त पुरतात. नवीन माणसाला महिन्याला अर्धा ते एक किलो, त्यापेक्षा वेगानं वाढलं तर ती चरबी आहे, आणि चरबी कुठल्याच १६०० ला मदत करत नाही.

क्रिएटिन घेऊ का?

क्रिएटिन म्हणजे जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर. रोज ३ ते ५ ग्रॅम, निरोगी माणसाला सुरक्षित, आणि शाकाहारी माणसाला फरक जास्त जाणवतो कारण त्याच्या जेवणात ते जवळपास नसतंच. छोट्या, जोरदार कामाला उपयोग होतो: गोळा, १०० मीटर, रेड. पण त्यानं स्नायूत पाणी धरतं, एक-दोन किलो वजन वाढतं. १६०० वर मार्क अवलंबून असतील तर ग्राउंडच्या तोंडावर सुरू करू नका. किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टर.

जिमवाला म्हणतो एक कोर्स मार, तीन महिन्यांत अंग येईल.

नका मारू. हात जोडून सांगतो. कोर्स म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि गोळ्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) किंवा त्याची भावंडं टोचली की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषण आकसतात, पुढं मूल होण्यात अडचण येते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्या असतील तर लिव्हर. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात आधीच भरपूर असतं, त्याला कशाला पाहिजे. खेळाडू असाल तर नाडाच्या (डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) टेस्टमध्ये सापडाल आणि पहिल्यांदा सापडलात तरी चार वर्षं जाऊ शकतात. बिनबिलाच्या डब्यांमध्येही असलं काही मिसळलेलं असू शकतं, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका नाही. ग्राउंडच्या सकाळी कुणी "ताकदीचं इंजेक्शन" देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब व्हा. पेनकिलर टोचून, पाणी न पिता, उन्हात जीव तोडून पळालात तर किडनीवर जाऊ शकतं.

मी मुलगी आहे, ८०० मीटरची तयारी करते. वजन उचललं तर पुरुषासारखं अंग होईल का?

नाही होत ताई. मुलींच्या अंगात टेस्टोस्टेरॉन खूप कमी असतो, त्यामुळं मुलींची ताकद छान वाढते पण आकार हळू वाढतो. मुलींना स्ट्रेंथ ट्रेनिंगचा उलट जास्त फायदा दिसतो, कारण लहानपणी आपण त्यांना काही उचलू दिलेलं नसतं. माझ्या मते मुलींचा खरा अडथळा मसल्स नाहीच, हिमोग्लोबिन आहे. ते ९-१० असेल तर कितीही पळा, दम लागणारच, कारण ऑक्सिजन नेणारं वाहनच कमी आहे. आधी रक्त तपासा. आणि कमी खाऊन वजन उतरवताना पाळी बंद झाली तर ती "ट्रेनिंगमुळं" म्हणून सोडून देऊ नका, शरीर उपाशी आहे असं ते सांगतंय, डॉक्टरकडं जा, हाडं ठिसूळ होतात.

रनिंग आणि जिम एकाच दिवशी चालतं का?

चालतं, मधे सहा-आठ तास ठेवा. सकाळी ग्राउंड, संध्याकाळी वजन. लागोपाठ करायचं असेल तर जे महत्त्वाचं ते आधी. पळणं फार वाढवलं की स्नायू वाढायचा वेग मंदावतो, हे खरं आहे, पण भरतीवाल्याला त्याचं दुःख नसावं. आणि यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी थेट ग्राउंडवर येणारी पोरं आहेत माझ्याकडं, त्यांना मी आधी झोपायला पाठवतो. झोपेशिवाय ना स्नायू बनतात ना दम.

वजन वाढवल्यापासून नडगी दुखतेय.

स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण कंडरा आणि हाडाला महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भार पडतो, म्हणजे ८ किलो वाढले की पावलागणिक २० किलो जास्त, आणि १६०० मीटरला अशी हजाराच्या आसपास पावलं. डांबरी रस्ता सोडा, मातीवर या, अंतर निम्मं करा, पोटरीचा व्यायाम हळूहळू वाढवा. हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, रात्रीही दुखत असेल तर एक्स-रेला जा, पळू नका.

छाती ७९ भरत नाही, मसल्सनं भरेल का?

न फुगवता ७९ भरायला छाती-पाठीचे स्नायू वाढवून मदत होते, दंड आणि जोर मारा. फुगवून ५ सेंटिमीटर वाढायला मात्र बरगड्या उघडण्याचा सराव लागतो, रोज दहा मिनिटं दीर्घ श्वास. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा वाढलेला किलो कामाचा आहे का ते कसं ओळखायचं?

जिममधल्या त्या चरबी-स्नायू सांगणाऱ्या, पायाखाली ठेवायच्या मशीनवर विश्वास ठेवू नका, पाणी प्यायलात तरी तिचा आकडा बदलतो. एक वही करा. आठवड्यातून तीनदा सकाळी पोट साफ झाल्यावर वजन, त्याची सरासरी. बेंबीजवळ कमरेचं माप. जागेवरून लांब उडी, तीनपैकी चांगली. पुलअप्स. दर तीन आठवड्यांनी १६०० चा टाइम, त्याच ग्राउंडवर, त्याच वेळेला. वजन वाढलं, कंबर तेवढीच आणि उडी वाढली, तर तो किलो ठेवा. वजन वाढलं, कंबर वाढली, उडी घटली, तर तो किलो परत द्या. उडी आणि गोळा वाढले पण १६०० घसरला, तर पेपर काढून मार्कांची बेरीज करा, कुठं किती मिळाले आणि कुठं किती गेले, आणि त्यावर ठरवा. बीडचा अविनाश साबळे आर्मीत वजन वाढलेला जवान होता, ते उतरवून तो ३००० मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला, आला आणि २०२२ च्या कॉमनवेल्थला रौप्य घेऊन आला, पहिला त्याच्यापेक्षा फक्त ०.०५ सेकंदांनी पुढं होता.

ग्राउंडला दोनच महिने राहिलेत, आत्ता काय करू?

बल्किंग आजच थांबवा. जिम आठवड्यातून दोनदाच, जड पण थोडं, ३५-४० मिनिटांत बाहेर. कमावलेली ताकद टिकवायला एवढं पुरतं. एकदम जेवण तोडू नका, रोज २००-३०० कॅलरीच कमी, तेही पोटावर चरबी असेल तरच, प्रोटीन तेवढंच ठेवा. पळण्यात आठवड्याला एक दिवस ४०० चे ६-७ तुकडे टार्गेट वेगानं, एक दिवस २०-२५ मिनिटं सलग जोरात, बाकीचे दिवस बोलता येईल इतकं हळू. गोळ्याचं टेक्निक एक दिवसाआड वीस फेक. शेवटच्या दहा दिवसांत सगळं निम्म्यावर आणा, वेग तोच. आणि ग्राउंडच्या आदल्या रात्री नवीन काही खाऊ नका, नवीन बूट घालू नका, नेहमीची भाकरी खाऊन साडेनऊला झोपा.